करवीरचें ताट

परगांवच्या माणसाला आपलें गांव दाखवावयाचें म्हणजे नेमकें काय दाखवावयाचें, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं. देऊळ, राजवाडा, तळें आणि संग्रहालय हीं दाखविलीं कीं यजमानाचें कर्तव्य संपलें, अशी सर्वसाधारण समजूत आहे. त्या समजुतीस अनुसरूनच कोल्हापुरास येणारा पाहुणा सकाळीं अंबाबाईचें दर्शन घेतो, दुपारीं नवा राजवाडा पाहतो, संध्याकाळीं रंकाळ्यावर फिरतो आणि रात्रीं तांबड्या रश्शानें नाकाडोळ्यांतून पाणी काढून, कोल्हापूर पाहून झालें असें म्हणत गाडींत बसतो. यांपैकीं पहिल्या तीन गोष्टींना इतिहास आहे असें तो मानतो. चौथीला मात्र केवळ चव आहे असें त्याला वाटतें. माझें मत निराळें आहे. एखाद्या शहराचा जो इतिहास शिलालेखांत व बखरींत येत नाहीं, तो पुष्कळदां ताटांत शिल्लक राहिलेला असतो. मात्र तो वाचावयाचा तर ताटांतील प्रत्येक पदार्थाला चार प्रश्न विचारले पाहिजेत: तो पिकला कोठें, आला कोणत्या वाटेनें, शिजविला कोणीं, आणि तो खातांना शेजारीं कोण बसलें होतें?

नागपुरास आयुष्यभर इतिहास शिकवीत आलेला माझा एक सहाध्यायी मध्यंतरी मार्गशीर्ष महिन्यांत चार दिवस माझ्याकडे राहून गेला. सावजी रश्शावर पोसलेला हा मनुष्य आल्याबरोबर म्हणाला, "अरे, तुझें कोल्हापूर म्हणजे मिरची, आणि मिरचींत आम्ही नागपूरकर कांहीं हार जाणार नाहीं." त्याच्या त्या आव्हानाला उत्तर म्हणून मीं त्याला चार दिवस जें दाखविलें व आम्हां उभयतांत जी चर्चा झाली, तिचें सार येथें देण्याचा विचार आहे.

पहिला प्रश्न अर्थातच मिरचीचा. कोल्हापूर आणि मिरची यांची गांठ लोकांच्या मनांत पक्की बसविण्याचें काम गाण्यांनीं, चित्रपटांनीं आणि परगांवच्या उपाहारगृहांनीं केलें आहे. मुंबई-दिल्लीकडील उपाहारगृहांच्या पदार्थपत्रिकेंत 'व्हेज कोल्हापुरी' नांवाची एक भाजी हटकून आढळते; परंतु कोल्हापुरांतील एखाद्या वयस्क गृहिणीला ती करावयास सांगा, ती आपल्या तोंडाकडे पाहतच राहील. मिरची मूळची अमेरिकेची. पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती सोळाव्या शतकांत हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरली. तत्पूर्वीं आपल्याकडील तिखटपणा मिऱ्यांचा, पिंपळीचा आणि आल्याचा. या नव्या फळाला नांव देतांना लोकांनीं तें मिऱ्यांवरूनच दिलें. म्हणजे शिलाहार राजांच्या काळीं करवीरांत जो जेवला त्याला मिरची ठाऊकच नव्हती. आणि १६५९ सालीं शिवाजी महाराजांनीं पन्हाळा घेतला, तेव्हांहि तिला या देशांत येऊन फार तर दीडशें वर्षें झालीं होतीं.

बरें, आजची मिरचीहि सगळी कोल्हापूरची नव्हे. चैत्र-वैशाखांत वर्षाची चटणी करण्यासाठीं बाजारांत जी मिरची ओतली जाते, तींत मुख्य संकेश्वरी आणि ब्याडगी. पहिलीचें नांव बेळगांव जिल्ह्यांतील गांवाचें, दुसरीचें हावेरी जिल्ह्यांतील. चटणी हा शब्दहि येथें निराळ्या अर्थानें चालतो. पुण्याकडे चटणी म्हणजे तोंडीं लावणें. आमच्याकडे चटणी म्हणजे मिरची, कांदा, लसूण, खोबरें, तीळ, धने, जिरें आणि गरम मसाला एकत्र कुटून केलेलें वर्षभराचें तिखट. त्या दिवसांत डंकांपुढें बायकांची दाटी असते आणि सबंध गल्ली खोंकत असते. संकेश्वरी घ्यावयाची ती झणझणीतपणासाठीं आणि ब्याडगी घ्यावयाची ती रंगासाठीं. तांबड्या रश्शाचा जो भडक रंग पाहून पाहुण्याची छाती धडधडते, तो बराचसा या ब्याडगीचा असतो; आणि ब्याडगी स्वभावानें सौम्य आहे. १९५६ सालीं भाषावार प्रांतरचना होऊन बेळगांव आणि कोल्हापूर यांच्यामध्यें राज्यांची सीमा आली. परंतु आमच्या चटणीनें ती सीमा मुळींच मानलेली नाहीं.

तांबड्याच्या शेजारीं जी पांढऱ्या रश्शाची वाटी असते, तिच्याकडे नवखा मनुष्य उपेक्षेनें पाहतो. माझ्या मित्रानेंहि प्रथम तसेंच केलें. वस्तुतः दोहोंचा जन्म एकाच भांड्यांत होतो. हळद, मीठ, आलें-लसूण घालून मटण शिजवावें. त्याचें जें पाणी निघतें तें अळणी. त्यांतील कांहीं भागांत चटणी व भाजलेल्या कांद्या-खोबऱ्याचें वाटण घातलें कीं तांबडा. उरलेल्यांत तीळ, खसखस, काजू, नारळाचें दूध, मिरीं व खडा मसाला घातला कीं पांढरा. मांसाचे तुकडे सुक्यासाठीं निराळे राहतात. हें सगळें राजवाड्याच्या मुदपाकखान्यांतून बाहेर आलें, असें आम्ही कोल्हापूरकर मोठ्या अभिमानानें सांगतों. परंतु या रचनेंतील हिशेब पाहिला तर तो केवळ राजवाड्याचा वाटत नाहीं. एका बोकडावर सगळ्या भावकीचें जेवण उरकावयाचें, पहिल्या पंक्तीपासून शेवटच्या पंक्तीपर्यंत रस्सा पुरवावयाचा आणि कोणासहि कमी पडलें असें वाटूं द्यावयाचें नाहीं, ही जत्रेची काटकसर त्यांत स्पष्ट दिसते. आषाढांत पंचगंगेच्या नव्या पाण्याच्या घागरी वाजतगाजत त्र्यंबोलीच्या टेकडीवर नेल्या जातात व मग गल्लोगल्लीं जीं जेवणें होतात, तीं ज्यानें पाहिलीं त्याला हें पटावें.

माझ्या मित्राला मीं आणखी एक गोष्ट दाखविली. तांबड्या रश्शाचा प्राण मिरची, व ती सोळाव्या शतकांतील पाहुणी. पांढऱ्या रश्शांतून मात्र काजू वगळला, तर बाकीचा एकहि मुख्य जिन्नस असा नाहीं कीं जो त्यापूर्वीं या देशास अनोळखी होता. पांढरा रस्सा हा पदार्थ जुना आहे, असें मला म्हणावयाचें नाहीं. त्याच्या जिनसा जुन्या आहेत, इतकेंच म्हणावयाचें आहे. आणि त्या जिनसा ज्या वाटांनीं आल्या त्या वाटा तर फारच जुन्या. पंचगंगेच्या कांठीं ब्रह्मपुरी नांवाची टेकडी आहे. तेथें प्रा. कुंदणगार यांच्या प्रयत्नानें कांस्याच्या वस्तु उजेडांत आल्या व पुढें १९४५-४६ सालीं डॉ. सांकळिया आणि डॉ. दीक्षित यांनीं उत्खनन केलें. सातवाहनकालीन वस्तीचे अवशेष निघाले. तेथें सांपडलेल्या वस्तूंत पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची एक लहानशी कांस्यमूर्ति आहे; ती टाउन हॉलमधील संग्रहालयांत ठेविलेली आहे. समुद्रापासून इतक्या दूर, सह्याद्रीच्या अलीकडे, हा समुद्रदेव काय करीत होता? तो व्यापाऱ्यांच्या मागोमाग घाट चढून आला, हेंच त्याचें उत्तर. त्याच शतकांत रोमचा प्लिनी हा ग्रंथकार, हिंदुस्थानांत रानावनांत उगवणारीं मिरीं आपल्याकडे सोन्यारुप्याप्रमाणें तोलून विकत घेतलीं जातात, म्हणून चडफडत होता. आजहि फोंडा, गगनबावडा आणि आंबा या बाजूंच्या घाटांनीं नारळ व मासळी वर येते आणि देशावरचा माल खालीं जातो. पांढऱ्या रश्शांतील नारळाचें दूध हें त्या घाटांचेंच देणें आहे.

दुसऱ्या दिवशीं आम्ही गुऱ्हाळ पाहावयास गेलों. मार्गशीर्ष म्हणजे गुऱ्हाळांचा भर. चरकांतून निघालेला रस भल्या मोठ्या काहिलींत पडतो. खालीं चुलवाणांत त्याच उसाचें वाळलेलें चिपाड जळतें. रस तापूं लागला कीं भेंडीच्या चिकट पाण्यानें त्यांतील मळी वर आणून काढून टाकावयाची आणि मग गुळव्याच्या डोळ्यावर सगळा भरंवसा. काहील कोणत्या क्षणीं उतरावयाची, हें तो बुडबुड्यांच्या आकारावरून व पाण्यांत टाकलेल्या थेंबाच्या गोळीवरून ठरवितो. क्षणभर आधीं उतरली तर काकवी, क्षणभर उशीर झाला तर गूळ करपलेला. निवालेल्या गुळाचे जे मोठमोठे गड्डे बांधतात त्यांना आमच्याकडे रवे म्हणतात. रव्यांच्या या राशींनींच कोल्हापूरला पेठ केलें. १८९१ सालीं मिरजेहून रेल्वे आली आणि १८९५ सालीं शाहू महाराजांनीं शाहूपुरी वसविली. गुळाला रेल्वे मिळाली, व्यापाऱ्याला जागा मिळाली. पुढें भोगावतीवर राधानगरीचें धरण बांधण्याचें काम महाराजांनीं हातीं घेतलें, तें त्यांच्या मागें पुष्कळ वर्षांनीं पुरें झालें. आणि त्या पाण्यानें उसाचीं शेतें वाढलीं. २०१४ सालीं कोल्हापुरी गुळाला भौगोलिक निर्देशाची सरकारी मान्यताहि मिळाली. परंतु त्याच पाण्यावर साखर कारखाने उभे राहिले, ऊस तिकडे वळला आणि गुऱ्हाळांची संख्या घटत चालली. मित्राला मीं हेंहि सांगितलें, कारण पाहुण्याला आपलें वैभव दाखवितांना त्याचा ऱ्हास झांकून ठेवणें हें इतिहासाच्या शिक्षकाला शोभत नाहीं.

शाहूपुरी वसली त्याच्या पुढच्याच वर्षीं, १८९६ सालीं, दुष्काळ पडला. त्या वेळीं महाराजांनीं स्वस्त धान्याचीं दुकानें उघडलीं व परप्रांतांतून धान्य आणण्यासाठीं व्यापाऱ्यांना मदत केली. जो राजा बाजारपेठ उभारतो त्याला तिच्यांत गरिबाची भाकरीहि सांभाळावी लागते, हा धडा त्यांनीं ऐन पंचविशीच्या आंत गिरविला. कोल्हापूरच्या सुग्रास ताटाची वर्णनें करणाऱ्यांनीं ही ज्वारीची भाकरी विसरूं नये.

तालमीचा आणि दुधाचा विषय निघाल्याशिवाय कोल्हापूरची गोष्ट पुरी होत नाहीं. १९०२ सालीं महाराज विलायतेस गेले, तेथून परततांना त्यांनीं रोमचें प्राचीन क्रीडागार पाहिलें आणि १९१२ सालीं खासबागेचें कुस्तीचें मैदान पुरें झालें. पैलवान म्हटला कीं खुराक आला: दूध, तूप, बदामाची थंडाई आणि मटण. गंगावेशीसारख्या ठिकाणीं संध्याकाळीं म्हशी आणून उभ्या करावयाच्या आणि गिऱ्हाइकाच्या देखत धार काढून फेंसाळ दुधाचा पेला त्याच्या हातीं द्यावयाचा, ही दूधकट्ट्याची चाल या तालमींच्या सान्निध्यांतच वाढली. माझ्या मित्रानें तो पेला घेतला तेव्हां त्याच्या ओठांवर पांढरी मिशी उमटली. शेजारचा एक तरुण पैलवान तिकडे पाहून हंसला व त्यानें त्याला आणखी एक पेला आग्रहानें पाजला. १९६३ सालीं स्थापन झालेल्या जिल्हा दूध संघाचें 'गोकुळ' हें नांव आज घरोघरीं झालें आहे. खेड्यांतील बाईच्या हातीं दुधाचे रोकडे पैसे पडूं लागले ते या चळवळीमुळें. पेल्यांतील दूध एकच. एकदां त्यानें मल्ल पोसला, दुसऱ्यांदां संसार.

सकाळच्या मिसळीविषयीं थोडेंच लिहितों, कारण तिच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मोडाची मटकी, वर फरसाण, कांदा आणि त्यावर कट. सोबत पुण्या-मुंबईचा गोल पाव नव्हे, तर पावाच्या कापलेल्या चकत्या. एवढ्या एका बशींत मटकी देशावरची, बटाटा व मिरची अमेरिकेची, आणि पाव पोर्तुगीजांचा. शुद्ध देशी न्याहरीचा अभिमान बाळगणाऱ्यांनीं हा हिशेब एकदां करून पाहावा.

त्याच आठवड्यांत ओढ्यावरील रेणुकेच्या देवळांत आंबील यात्रा होती. सौंदत्तीच्या यल्लम्माचें दर्शन घेऊन भक्त परतले म्हणजे ही यात्रा भरते. आंबील, भाकरी, वड्या, वरणं, वांगें, मेथी, दहींभात, गाजर आणि कांद्याची पात असा नैवेद्य घेऊन घरोघरच्या बायका येतात, देवीला दाखवितात आणि तेथेंच मोकळ्या जागेंत बसून आप्तेष्टांसह जेवतात. मिरचीच्या शोधांत आलेला माझा मित्र त्या दिवशीं आंबट-गार आंबिलीचा वाडगा हातांत घेऊन बराच वेळ गप्प बसला होता. देवी कानडी मुलखांतली, भाकरी देशावरची, आणि जेवणांत तिखटाचा बडेजाव मुळींच नाहीं. मग त्यानें एकदम विचारलें, "हें सगळें खरें. पण तुझ्या चार प्रश्नांतला शेवटचा तूं अजून सोडविला नाहींस. या पंक्तींच्या बाहेर कोण बसत होतें?"

हा प्रश्न टाळून कोल्हापूरच्या अन्नाचा इतिहास सांगतां येणार नाहीं, कारण या शहराचा गेल्या शतकांतील सर्वांत मोठा झगडा पंक्तीशीं निगडित आहे. १८९६ सालीं महाराजांनीं राजाराम कॉलेजाला जोडून सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठीं एक वसतिगृह काढलें. हेतु उदार होता. परंतु थोड्याच वर्षांत तें व्यवहारतः एका ब्राह्मण जातीचें होऊन बसलें. निजावयास एक छप्पर चालत होतें, जेवावयास एक पंगत चालत नव्हती. तेव्हां महाराजांनीं दुसरा मार्ग धरला. १९०१ मध्यें व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग व जैन बोर्डिंग, १९०६ मध्यें मुसलमानांचें, १९०८ मध्यें अस्पृश्य मुलांसाठीं मिस क्लार्क बोर्डिंग, अशीं एकामागून एक वसतिगृहें निघालीं, आणि कोल्हापूरला वसतिगृहांची जननी हें नांव पडलें. कित्येकांनीं यावर जातवार वसतिगृहें काढून जाति बळकट केल्या, असा आक्षेप घेतला आहे. त्या आक्षेपांत तथ्यांश आहे. पण त्यावेळीं ज्या मुलाला कोणत्याच स्वयंपाकघराच्या उंबऱ्यांत उभें राहतां येत नव्हतें, त्याला प्रथम स्वतःचें स्वयंपाकघर मिळालें, हेंहि तितकेंच सत्य आहे. भुकेल्या पोटीं समतेची वाट पाहत बसणें विद्यार्थ्याला परवडत नाहीं.

गंगाराम कांबळे यांची हकीकत कोल्हापुरांत सर्वश्रुत आहे. राजवाड्याच्या पागेंत नोकरीस असलेल्या या अस्पृश्य मनुष्यानें स्पृश्यांच्या पाण्याच्या हौदाला हात लावला, म्हणून त्याला मारहाण झाली. महाराजांनीं मारणाऱ्यांना शासन केलें आणि गंगारामाला पैसे देऊन स्वतंत्र धंदा काढावयास सांगितलें. त्यानें 'सत्यसुधारक' नांवाचें चहाचें दुकान घातलें. गिऱ्हाइकें फिरकेनात. तेव्हां महाराजांची गाडी त्या दुकानासमोर थांबूं लागली. महाराज स्वतः चहा मागवीत आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाहि पाजीत. १९१९ सालीं सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा व दवाखाने येथें अस्पृश्यता पाळूं नये असे हुकूम निघाले. त्या हुकुमांच्या कागदांइतकाच तो चहाचा पेला मला इतिहासाचें साधन वाटतो. कारण हुकूम मोडतां येतो, पण राजानें चारचौघांत घोटलेला चहा परत काढतां येत नाहीं.

याच कोल्हापुरांत कुंभोजचा भाऊराव पाटील नांवाचा विद्यार्थी जैन बोर्डिंगांत राहत होता. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभास तो गेला आणि परत आल्यावर सोंवळ्यासाठीं स्नान करण्याचें त्यानें नाकारलें. त्यापायीं त्याला वसतिगृह सोडावें लागलें. पुढें १९१९ सालीं त्यानेंच रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ सालीं साताऱ्यास जें वसतिगृह काढलें, त्यांत सर्व जातींचीं मुलें एकत्र स्वयंपाक करीत व एकत्र जेवीत. त्या वसतिगृहाला नांव दिलें तें छत्रपति शाहूंचें. १८९६ सालीं कोल्हापुरांत जी पंगत मोडली, ती अठ्ठावीस वर्षांनीं साताऱ्यास मांडली गेली. आणि ती मांडणारा याच शहराच्या जेवणघरांतून बाहेर पडलेला होता.

मित्राला मीं हें सगळें सांगितलें तेव्हां तो म्हणाला, "म्हणजे तुझ्या गांवची खरी प्रसिद्धि मिरचीसाठीं नव्हे, पंक्तीसाठीं व्हावयास हवी." त्याचें म्हणणें मला मान्य आहे, पण थोडी पुस्ती जोडून. आज मिसळीच्या दुकानांत किंवा खाणावळींत शेजारीं कोण बसला आहे, हें कोणी विचारीत नाहीं. 'मराठा खाणावळ' अशा पाट्या अजून कोठें कोठें दिसतात, पण त्या आतां जात सांगत नसून चव सांगतात. हा बदल लहान नव्हे. परंतु दुकानांतील बांकावर जें साधलें तें घरांतील पाटावर सर्वत्र साधलें आहे, असें प्रामाणिकपणें म्हणतां येत नाहीं. लग्नाच्या याद्या, गल्लीच्या जत्रांचीं निमंत्रणें आणि घरच्या जेवणाचीं बोलावणीं नीट पाहिलीं, म्हणजे जुनी पंगत अजून कोठें कोठें तग धरून आहे तें दिसतें. रस्सा सर्वांचा झाला. पाट अजून सर्वांचा व्हावयाचा आहे.

म्हणून कोल्हापुरास येणाऱ्या पाहुण्याला माझें सांगणें इतकेंच: तांबडा जरूर खा, पण पांढऱ्याची वाटी आधीं तोंडाला लावा, गूळ खातांना गुळव्याचा डोळा आठवा, आणि चहा पितांना त्या गाडीची आठवण ठेवा. आणि आम्हां यजमानांना सांगणें असें कीं, पाहुण्याला तिखटाची बढाई सांगण्यापूर्वीं आपल्या घरच्या पंक्तींत आजवर कोणाला बोलावलें नाहीं याचा एकदां विचार करावा, आणि पुढच्या जत्रेला एक पाट जास्त मांडावा.